विटाळाचे अर्थशास्त्र

आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपुरात दहा लाखांहून अधिक माणसे एकत्र येतात. २०११ च्या जनगणनेनुसार या नगराची कायम वस्ती जेमतेम एक लाख. म्हणजे चार-पाच दिवस एका नगराने दहा नगरांचा भार वाहावयाचा. वारीच्या या दर्शनाने भारावून जाऊन आपल्याकडे दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. वयाचा, प्रतिष्ठेचा आणि जातीचा विचार न करता एकमेकांच्या पायावर डोके ठेवणारे वारकरी पाहिले की समतेचे स्वप्न या मातीत रुजू शकते, असा विश्वास वाटतो. हे वर्णन खोटे नाही. पण ते अपुरे आहे. दहा लाख माणसांच्या अन्नाची, पाण्याची, निवाऱ्याची आणि दर्शनरांगेची चर्चा होते. त्या माणसांच्या मागे तितक्याच निश्चितपणे उरणाऱ्या मैल्याची चर्चा सभ्य समाजात होत नाही. तो कोण उचलतो, किती मजुरीवर उचलतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींची माणसे तो का उचलतात, हा प्रश्न भक्तीच्या विरोधात नाही. भक्तीच्या नावाने जी समता सांगितली जाते, तिची ती खरी कसोटी आहे.

या प्रश्नाचे मूळ शोधावयाचे तर विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराशीच जावे लागते. तेथे संत चोखामेळ्याची समाधी आहे. जन्मभर ज्या देवाचे नाव घेतले, त्याच्या मंदिरात पाऊल टाकण्याचा अधिकार चोखोबांना नव्हता. मृत्यू आला तो मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम करीत असता, भिंत अंगावर कोसळून, इतर मजुरांबरोबर. परंपरेने या घटनेचे वर्ष इ. स. १३३८ मानले आहे. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी समाधी दिली. भाविक मन या कथेत अस्थींतून ऐकू आलेल्या विठ्ठलनामावर थांबते. आपण तिच्यातील दुसऱ्या गोष्टीकडेही पाहिले पाहिजे. संतपदाला पोहोचलेला मनुष्यही वेठीतून सुटला नाही. समाजाने त्याचे अभंग स्वीकारले, त्याचे श्रमही घेतले; त्याला आत मात्र घेतले नाही. भक्तीचा अधिकार आणि श्रमाची सक्ती ही दोन खाती आपल्या परंपरेने निराळी ठेवली, आणि एका खात्यातील पुण्याई दुसऱ्या खात्यात कधी जमा होऊ दिली नाही. चोखोबांच्या काही रचनांत आपल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधलेले दिसते. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो. एकाच घरातील दोन पिढ्यांत समजूत आणि संताप यांचे हे अंतर पडले, ही गोष्ट आपल्या धार्मिक इतिहासाच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

दार उघडले

चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे वर्षांनी हे दार उघडले. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला. आपल्या चळवळीच्या इतिहासातील हे एक उज्ज्वल पान आहे आणि ते तसेच राहील. गुरुजींचे म्हणणे सोपे होते: जेथे देवासमोरही माणूस माणसाला दूर लोटतो, तेथे स्वातंत्र्याला अर्थ राहात नाही.

याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र आधीच निराळ्या निष्कर्षास आले होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यांच्याच नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पण १९३३ मध्ये मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर लिहिताना त्यांनी स्वच्छ सांगितले की अस्पृश्यांच्या उन्नतीचा खरा मार्ग उच्च शिक्षण, वरच्या दर्जाच्या नोकऱ्या आणि उपजीविकेची चांगली साधने यांतून जातो. पुढल्याच वर्षी, शक्ती शिक्षणावर व राजकारणावर केंद्रित करावी म्हणून, सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला त्यांनी सहकाऱ्यांना दिला. गुरुजी आणि बाबासाहेब यांच्यात कोण अधिक बरोबर होते असा वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. गुरुजींनी दर्शनाचा अधिकार मागितला, बाबासाहेबांनी धंद्याच्या बेडीकडे बोट दाखविले. दोन्ही मागण्या एकमेकींना पूरक होत्या. पहिली मान्य झाली. दुसरी अजून अपुरी आहे, आणि ती अपुरी का राहिली हे समजून घेणे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे.

दोन वतने

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला परंपरा म्हटली की प्रथम तिचे उत्पन्न दिसते. हा व्यवसायाचा दोष असेल. पण त्यामुळे काही गोष्टी स्वच्छ दिसतात. विठ्ठलाच्या पूजेचे हक्क बडवे व सेवाधारी यांच्याकडे, आणि रुक्मिणीच्या पूजेचे हक्क उत्पातांकडे वंशपरंपरेने चालत आले. देवापुढे येणारे उत्पन्न ही घराण्यांत वाटली जाणारी मिळकत बनली होती. यात्रेकरूंच्या पिळवणुकीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा शासनाने नाडकर्णी आयोग नेमला. त्यानंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. मंदिराचा कारभार प्रत्यक्ष ताब्यात येण्यास १९८५ साल उजाडले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला १५ जानेवारी २०१४ रोजी. म्हणजे कायदा होऊन एकेचाळीस वर्षे लोटल्यावर. त्यानंतर मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे.

याच गावगाड्यात, समाजाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, तशाच घडणीचा आणखी एक वंशपरंपरागत हक्क होता. मैला साफ करण्याच्या वहिवाटी हक्कांची चौकशी करण्यासाठी १९६५ मध्ये केंद्र शासनाने प्रा. मलकानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. उत्तर भारतातील कित्येक नगरांत अमुक आळीचे संडास अमुक कुटुंबाचे, अशी वाटणी ठरलेली असे. तो हक्क विकला जाई, गहाण पडे, लेकीच्या लग्नात दिला जाई. शिळी भाकरी, सणाची पोळी, जुने कपडे आणि थोडे पैसे हे त्याचे उत्पन्न. एका घराण्याला देवासमोरचे ताट वारशाने मिळाले, दुसऱ्याला मैल्याची पाटी वारशाने मिळाली. दोन्हींना परंपरेने हक्क हेच नाव दिले. शब्दांच्या या समानतेत केवढी फसवणूक आहे! पहिल्या हक्काचे रक्षण करण्यासाठी त्याचे धारक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. दुसऱ्या हक्कातून सुटण्यासाठी त्याच्या धारकांना दिशा दिसेना, कारण तो सोडला तर पोटाचे काय याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगितले. या एका विधानात आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. श्रमांची विभागणी प्रत्येक समाजात असते. मैला कोठेही आपोआप नाहीसा होत नाही. परंतु इतरत्र ते काम करणारा मनुष्य उद्या दुसरे काम करू शकतो, आणि त्या कामाला माणसे मिळेनाशी झाली की मजुरी वाढवावी लागते किंवा यंत्र आणावे लागते. आपल्याकडे परंपरेने या कामाला माणसांचा एक कायम पुरवठा लावून दिला. त्यामुळे मजुरी वाढण्याचे कारण उरले नाही आणि यंत्र येण्याचेही.

विटाळ फिटतो कोणाचा?

येथे श्रद्धेचा संबंध येतो. शुद्ध-अशुद्धाची कल्पना हिंदू घरात जन्मापासून मृत्यूपर्यंत सोबत करते. सोयर, सुतक, सोवळे, ओवळे, मासिक पाळीतील शिवाशिव, अशी तिची अनेक रूपे आहेत. ती स्त्रियांना किती जाचक झाली हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. पण या सर्व विटाळांत एक गोष्ट समान आहे: ते फिटतात. सुतक दहा-बारा दिवसांनी फिटते. आई तान्ह्या मुलाची शी काढते, सून अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची घाण काढते. हात-पाय धुतले, स्नान केले की दोघी स्वयंपाकघरात जातात. मेहतराने मात्र हेच काम केले तर तो, त्याची पत्नी, त्यांचे शाळेत जाणारे मूल, ज्याने मैल्याला कधी हातही लावला नाही असा त्यांचा पदवीधर नातू, यांतील कोणाचाही विटाळ कोणत्याही पाण्याने फिटत नाही. याचा अर्थ उघड आहे. हा विटाळ मळाचा असता तर साबणाने गेला असता. तो मजुरीच्या नात्याचा आहे, आणि ते नाते टिकावे म्हणूनच तो अमर ठेवला गेला आहे.

हे नाते केवळ अज्ञानी खेडुतांनी जपले असेही नाही. १९३२ मध्ये अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी स्वतः भंगीकाम मागितले, तेव्हा सवर्ण कैद्याला ते देता येत नाही असे उत्तर मिळाले. त्यासाठी त्यांना उपोषण करावे लागले आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांच्याबरोबर उपोषण आरंभिले. परक्या सरकारचा, नियमांवर चालणारा, आधुनिक म्हणविणारा तुरुंगही मैल्याच्या बाबतीत मनूचाच कारभार चालवीत होता! सुटल्यावर अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरीत, माणसाला मैल्याला हात लावावा लागू नये अशा संडासाच्या रचनेवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. प्रबोधनाबरोबर पर्यायी साधन हवे, हे ओळखणारे ते मोजक्या सुधारकांपैकी होते.

गाडगेबाबांचा मार्ग याच जातीचा होता. हा परीट जातीत जन्मलेला, खराटा हाती घेतलेला संत पंढरीस जाई, आणि वाळवंट झाडी. ज्या यात्रेकरूंना इतरत्र थारा नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. धर्मशाळा शिक्षणसंस्थेला देण्याच्या या कृतीत बाबांनी आपले तत्त्वज्ञान सांगून टाकले. शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्यातून पुष्कळ गावे स्वच्छ झाली. मात्र ज्याचा खराटा जातीच्या उतरंडीवर चालला त्याचा खराटा आपण केवळ गावच्या रस्त्यावर चालविला. बाबांचे छायाचित्र भिंतीवर लागले. ते काम सर्वांनी आळीपाळीने करावे, ही त्यांच्या वर्तनातील मागणी फाइलीत राहिली.

कायदे आणि आकडे

कायद्यांची उणीव नाही. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द झाली. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९९३ मध्ये मैला वाहण्यासाठी माणसे कामाला लावण्यास बंदी झाली आणि २०१३ मध्ये अधिक कडक व पुनर्वसनाची तरतूद असलेला कायदा झाला. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली होती १९४९ मध्ये! म्हणजे प्रश्न आम्हांला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय गेल्या पाऊणशे वर्षांत कोणत्याच सरकारला उरलेली नाही.

आता आकडे पाहू. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत देशाच्या ग्रामीण भागात सुमारे १ लाख ८० हजार कुटुंबांनी हाताने मैलासफाई हा आपला व्यवसाय नोंदविला. त्यांत सर्वाधिक कुटुंबे महाराष्ट्रातील होती, ६३ हजारांहून अधिक. फुले, शाहू, आंबेडकर यांचे नाव प्रत्येक व्यासपीठावरून घेणाऱ्या या राज्याचा हा पहिला क्रमांक! पुढे केंद्राच्या पाहणीत देशभरात ५८,०९८ व्यक्तींची ओळख पटली. त्यांपैकी ज्यांच्या जातीची माहिती उपलब्ध होती अशा ४३,७९७ जणांत ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते, असे शासनाने २०२१ मध्ये संसदेत सांगितले. शंभरांत सत्त्याण्णव. कोणत्याही मुक्त बाजारात, कोणत्याही योगायोगाने, असा आकडा येत नाही. जात आता फक्त मनात उरली आहे असे म्हणणाऱ्यांनी तो नीट पाहावा.

गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसे मेली, हेही शासनाचेच उत्तर. या मृत्यूंना मैला वाहण्याच्या प्रथेचे बळी म्हणावयाचे नाही, ते ‘धोकादायक सफाई’चे बळी, असा भेद सरकारी भाषेत केला जातो. विषारी वायूला हा भेद कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरविली व ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. न्यायालयाने आपले काम केले. पण ज्या समाजात भरपाईचा दर वाढतो आणि खाली उतरणाऱ्या माणसाची जात बदलत नाही, त्या समाजाने न्याय केला असे म्हणता येत नाही.

पंढरपूरही यातून सुटले नाही. वारीच्या काळात पुरेशा संडासांअभावी वाळवंटात घाण होते आणि ती माणसांना हाताने उचलावी लागते, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली. २०१४-१५ मध्ये न्यायालयाने वाळवंटातील तंबू-राहुट्यांवर निर्बंध घातले आणि शौचालये उभारण्याचे आदेश दिले. तेव्हा वारकरी मंडळींत नाराजी उमटली. परंपरेत हा हस्तक्षेप आहे असेही म्हटले गेले. परंतु पुढे पासष्ट एकरांच्या जागेत दिंड्यांच्या मुक्कामाची सोय झाली, फिरती शौचालये पालखीमार्गावर आली, आणि वारी थांबली नाही. उलट स्त्री-वारकऱ्यांची सोयच झाली. परंपरेला धक्का लागेल ही भीती अनेकदा अशीच निराधार ठरते. विठ्ठलाला वाळवंटातील घाण कधीच नको होती. ती आपल्याला सोयीची होती, इतकेच.

स्वस्त माणूस, महाग यंत्र

२०१४ ते २०१९ या काळात स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण भागात दहा कोटींहून अधिक संडास बांधल्याचे शासन सांगते. त्या संडासांचे खड्डे आज ना उद्या भरणारच. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की दुसरा वापरावयाचा. वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातील मैल्याचे निरुपद्रवी खत झालेले असते आणि ते कोणीही काढू शकतो. विज्ञान इतके सोपे आहे. परंतु डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी उत्तर भारतातील खेड्यांच्या पाहणीवरून २०१७ मध्ये दाखवून दिले की लोक असले छोटे खड्डे नाकारतात. कारण एकच, तो खड्डा रिकामा कोण करणार? आपण केला तर आपण त्या जातीचे ठरू. म्हणून एक तर उघड्यावर जावयाचे, नाही तर खोलीएवढी टाकी बांधावयाची. आणि उघड्यावरच्या घाणीने आजारी पडतात ती सर्व जातींची लहान मुले. अस्पृश्यतेचा भुर्दंड केवळ अस्पृश्यांना पडतो हा समज येथे कोसळतो. जो समाज एका जातीला विटाळ मानतो तो अखेर स्वतःचीच मुले जुलाबाने गमावतो.

अंथरलेल्या प्रचंड टाक्या उपसण्याचा धंदा आता ठेकेदारांच्या हाती आहे. नगरपालिका कर वाढवू इच्छित नाही, म्हणून सफाईचे काम सर्वांत कमी दराच्या निविदेला देते. ठेकेदार तो दर मजुरी कापून भरून काढतो, आणि त्याला माणसे मिळतात ती त्याच वस्तीतून. जुनी वहिवाट आणि नवा ठेका यांची अशी सोयरीक झाली आहे. परंपरेने माणूस स्वस्त करून ठेवला आणि बाजाराने तो त्याच भावात उचलला. स्वस्त स्वच्छता ही नगराची बचत नव्हे. सफाई कामगाराच्या आयुष्यातून बिनव्याजी काढलेले ते कर्ज आहे, आणि ते फेडण्याची तारीख कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते.

या ठिकाणी आपल्यालाही एका अवघड प्रश्नास तोंड द्यावे लागेल. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याची जागा मिळते. कामगार संघटनांनी हा हक्क झगडून टिकविला आहे आणि त्यांचे बरोबर आहे. ठेकेदारीच्या काळात वारसाची कायम नोकरी हीच त्या कुटुंबाची एकमेव मालमत्ता आहे. तथापि शासनाने दिलेले हेही एक वतनच आहे. बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी तरतूद सद्भावनेने केली असली तरी जातीच्या नकाशावर ती जुनीच रेघ गिरवते. उपाय हक्क काढून घेणे हा नव्हे. वारसा नोकरीचा असावा, झाडूचा नसावा. सफाई कामगाराच्या मुला-मुलीला त्याच नगरपालिकेत, शिक्षणाप्रमाणे, कोणत्याही खात्यात तेवढ्याच सुरक्षिततेची जागा मिळाली पाहिजे. पुजारीपदासाठी सर्व जातींतून अर्ज मागविणाऱ्या महाराष्ट्राला हे जमू नये असे काही नाही.

दोन आक्षेप

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. आपल्यातीलच काही मित्र म्हणतील की आर्थिक पाया बदलला की या समजुती आपोआप गळून पडतील. धर्माच्या चर्चेत कशाला शिरावे? सत्त्याण्णव टक्क्यांचा आकडा त्यांना उत्तर देतो. यंत्रयुग आले, नगरे वाढली, पंचवार्षिक योजना झाल्या, उदारीकरण झाले, आणि खाली उतरणारा माणूस तोच राहिला. पाया आणि समजूत ही दोन टोके एकाच दोरीची आहेत. एक सोडून दुसरे ओढले तर गाठ अधिकच आवळते.

श्रद्धावान मित्र म्हणतील की ही रूढी आहे, धर्म नव्हे. संतांनी तर समताच शिकविली. संतांनी समता शिकविली हे आम्हांस मान्य आहे. पण ज्या संप्रदायाने ती शिकविली त्याच्याच एका संतावर भिंत कोसळली, आणि ती भिंत बांधण्याची सक्ती त्याच्यावर का होती असे सहाशे वर्षे कोणी विचारले नाही. रूढी निराळी आणि धर्म निराळा हे सिद्ध करण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे रूढी मोडून दाखविणे. सफाई हेच सर्वश्रेष्ठ पुण्यकर्म आहे अशा गौरवाने भागणार नाही. अशा गौरवाचा धोका बाबासाहेबांनी १९४५ मध्येच दाखविला होता. जे काम खरोखर पुण्याचे असते त्यासाठी रांगा लागतात. वंशपरंपरेने माणसे बांधून ठेवावी लागत नाहीत.

कार्यकर्त्यांसाठी

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत असे आम्ही सुचवितो. आपल्या गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन सफाईच्या ठेक्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. कामगारांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि सुरक्षेची साधने मिळतात की नाही हे त्यांच्या वस्तीत जाऊन तपासावे. टाकीत माणूस उतरविला गेल्याचे कळताच २०१३ च्या कायद्याखाली तक्रार नोंदवावी. मृत्यू होण्याची वाट पाहू नये. कायम स्वरूपाच्या कामासाठी ठेकेदारी नको ही मागणी धरून ठेवावी. मुंबई महापालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल कचरा वाहतूक श्रमिक संघाने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळविला. चिकाटीने काय साधते याचे ते उदाहरण आहे. मैला उपसणारी यंत्रे ठेकेदाराच्या मालकीची होऊ न देता सफाई कामगारांच्या सहकारी संस्थांना द्यावीत, यासाठी आग्रह धरावा. म्हणजे यंत्र आल्याने त्यांचा रोजगार जाणार नाही, केवळ पाटी जाईल.

दिंड्यांच्या प्रमुखांशीही बोलावे. तुच्छतेने बोलू नये, आणि भीत भीतही बोलू नये. मुक्कामाची जागा सोडताना ती दिंडीतील सर्वांनी, मानकऱ्यांसह, आळीपाळीने स्वच्छ करावी हा शिरस्ता वारीच्या सेवाभावाशी पूर्ण सुसंगत आहे. आणि सर्वांत आधी आपल्या घरात पाहावे. कचरा न्यायला येणाऱ्या बाईला पाणी कोणत्या भांड्यात दिले जाते, तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय, हे प्रश्न मोर्च्यात विचारण्याजोगे नसले तरी त्यांची उत्तरे आपल्या समाजवादाची इयत्ता सांगतात.

यंदाही आषाढीला लक्षावधी लोक महाद्वारातून आत जातील. जाताना त्यांतील कित्येक जण चोखोबांच्या समाधीपुढे मस्तक टेकतील. त्या दाराआड जाण्याचा अधिकार आता कोणीही नाकारू शकत नाही, हे गुरुजींच्या उपोषणाचे फळ आहे. चोखोबांच्या वाट्याला आलेली वेठ ज्या दिवशी कोणाच्याही जन्माला चिकटलेली राहणार नाही, त्या दिवशी मंदिरप्रवेशाचे काम पुरे झाले असे म्हणता येईल. तोवर ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे आपल्याकडे आहे.